पाहण्यासारखं सातवं ठिकाण

फराळाचे डबे तळाला लागले की वर्तमानपत्रात ती पुरवणी येते. ‘सुट्टीत पुणे पाहा’, ‘एका दिवसात पुणे’, ‘पुणं असं आणि तसं’. शीर्षक दर वर्षी बदलतं, यादी बदलत नाही. वाडा, लेणी, टेकडीवरची देवळं, सापांचं उद्यान, संग्रहालय, मग संध्याकाळी खरेदी आणि मिसळ. प्रत्येक ठिकाणाला चार ओळी आणि एक फोटो. फोटोतलं आकाश नको इतकं निळं. दौंडला रेल्वे कॉलनीच्या मागे माझ्या दोन खोल्या आहेत, तिथे बसून मी ती पुरवणी वाचते आणि सातव्या क्रमांकाशी आले की घडी घालून रद्दीत टाकते. फाडत नाही. तीस वर्षं शिक्षकी केल्यावर कागद फाडायला हात धजत नाही, एवढंच.

सातव्या क्रमांकावर एक बाग आहे. तिचं नाव लिहीत नाही, माझ्याकडून तिची आणखी जाहिरात नको. कारंजी आहेत, मुलांसाठी छोटी आगगाडी आहे आणि शेवटी एक ओळ: ‘येथील अज्ञात वीराची समाधी इतिहासप्रेमींनी आवर्जून पाहावी.’ इतिहासावर प्रेम करणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. प्रेमात पडलेल्या माणसाने चौकशी करावी अशी अपेक्षा कोणी धरू नये.

पण राग येतो. दर वर्षी त्याच दिवसांत, त्याच थंडीबरोबर येतो. सकाळी अंगावर शाल घेऊन चहा पिताना तो आधी येतो, आणि मग लक्षात येतं की पुरवणी आली असणार.

हे दिवस आमच्याकडे निघण्याचे होते. आम्ही राहू गावचे. आता राहूत ऊस आहे, मोटारी आहेत, माझ्या भाच्यांच्या हातात मोबाइल आहेत. पण माझ्या लहानपणी आमच्या घरात मेंढरं होती, आणि दिवाळी सरली की मेंढरं पश्चिमेला निघायची. पुण्याला वळसा घालून, घाट उतरून कोकणात, आणि पावसाच्या आधी परत. तट्टाच्या पाठीवर संसार चढायचा. खाली पातेली, वर वाकळा, त्यावर टोपलीत झाकलेल्या कोंबड्या आणि सगळ्यांत वर एखादं चालता न येणारं कोकरू, कारकुनासारखं गंभीर तोंड करून बसलेलं. दहिवराने भिजलेल्या घोंगडीचा एक वास असतो. कुबट म्हणा, उबदार म्हणा. तो वास नाकात घेऊन शाळेत गेलं की बाकावर शेजारी कोणी बसत नाही, हे मी पाचवीत शिकले.

पाचवीत मला शिरूरला वसतिगृहात ठेवलं होतं. घोडनदीच्या पुलावरून दुसऱ्यांचे कळप जायचे, तेव्हा आमच्या खोलीतल्या मुली खिडकीला लागायच्या. ‘ए, मेंढरं बघ, किती मेंढरं!’ मी वहीत डोकं घालून बसायचे. पाहण्यासारखं काय असतं आणि कोणी कोणाला पाहायचं असतं, याची यादी मला तेव्हाच कळायला लागली होती.

रस्त्यात मेंढरं जिथे थांबतात त्या मुक्कामालाही आमच्यात वाडाच म्हणतात. त्याला भिंत नसते. तीन दगडांची चूल, वाघरीचं, म्हणजे दोरीच्या जाळ्याचं, कुंपण आणि माणसं, एवढ्यावर वाडा उभा राहतो आणि सकाळी उठून चालू लागतो. मी सातवीत असताना असाच एक वाडा पुण्याच्या पलीकडे, डोंगराच्या उतारावर, ओढ्याच्या वरच्या अंगाला, एका हिवराच्या झाडाखाली पडला होता. तिथे माझ्या थोरल्या भावाला, दादाला, मुलगा झाला. पहिला. सगुणावहिनी तेव्हा वीस वर्षांची असेल.

बारशाला आत्या लागते. नाव ती ठेवते. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन आधी त्यालाच सांगते, मग जगाला. दादाला एकच बहीण, ती मी. तो एसटीने शिरूरला मला न्यायला आला. धोतराला गोचिडाचे डाग, हातात काठी. मी त्याला वसतिगृहाच्या फाटकाबाहेर भेटले, आत बोलावलं नाही. म्हटलं, ‘आता चाचणी आहे. नाताळच्या सुट्टीत येते.’ दादा म्हणाला, ‘बरं. थांबतो आमी.’ वाड्यातल्या बाया म्हणाल्या, दुसरी कोणीतरी ठेवू दे नाव. वहिनी म्हणाली, ‘सख्खी आत्या असताना?’

नाताळ यायच्या आधीच मूल गेलं. एकवीस दिवसांचं. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत. हिवराखाली पुरलं आणि कोल्ह्याने उकरू नये म्हणून वर दगड रचले. डोक्याच्या अंगाला वहिनीने ओढ्यातला एक पांढरा धोंडा ठेवला. त्यानंतर दर साली वाड्यातलं प्रत्येक माणूस तिथे जाताना एक दगड ठेवी, येताना एक. कोणी तसं ठरवलं नव्हतं. पंधरा-सोळा वर्षांत ढीग छातीएवढा झाला. मग कालव्याचं पाणी आलं, दादाने मेंढरं विकली, ऊस लावला आणि काही वर्षांनी दादाही गेला. त्या वाटेने जायला कोणी उरलं नाही.

मी तिथे कधीच गेले नव्हते; मी दौंडला मराठी शिकवत होते.

एका वर्षी राहूच्या बायकांच्या बचत गटाची पुण्याला सहल ठरली. बचत गट नवे होते, सहली त्याहून नव्या. गटाची अध्यक्ष शालन म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. तोंडाची फटकळ, मनाची सरळ. तिने मला निरोप धाडला, ‘तुम्ही शिकलेल्या हायसा, पाट्या वाचून दाखवाया या.’ निघायच्या आदल्या दिवशी सकाळीच वहिनी एकटी दौंडला माझ्या दारात उभी. गुडघे गेलेले, तरी एसटीने आलेली.

‘वन्सं, उद्या चला. न्हाई म्हनू नका.’

‘येतेय की मी. शालनने सांगितलंय.’

‘सहलीला न्हवं,’ ती म्हणाली. ‘नाव ठिवायचं ऱ्हायलंय. म्या घुगऱ्या भिजत घातल्यात. गाडी त्याच अंगाला जानार हाय म्हनं. जागा मला घावंल. माझं गुडघं पुन्यांदा मला तितवर न्यायचं न्हाईत.’

पंचवीसेक वर्षांत तिने हा विषय माझ्यासमोर एकदाही काढला नव्हता. मी तिला चहा केला. दुसरं काय करणार?

सकाळी राहूतून गाडी सुटली. तिच्यात टीव्ही होता आणि टीव्हीवर कोणीतरी नाचत होतं. वहिनी खिडकीशी, मांडीवर स्टीलचा डबा. एकदोघींनी विचारलं, ‘काय ओ, घुगऱ्या एकट्याच खानार व्हय?’

‘दम धरा. बारशाच्या हायती.’

‘कुनाचं बारसं?’ कोणीतरी हसून विचारलं, आणि शालनने तिला कोपर मारलं. मग त्या बाकावरून त्या बाकावर कुजबूज गेली आणि गाडीत फक्त टीव्ही बोलत राहिला.

शहर पाहायला गेलं की शहर आपल्याला रांगेत उभं करतं. आधी वाडा पाहिला. दरवाजा केवढा थोरला, हत्ती अडवायला खिळे मारलेले. आत गेलो तर जोती आणि गवत.

‘आत काय न्हाई व्हय?’ शालनने विचारलं.

‘जळलं सगळं.’

‘मंग दाराला राखन कशाला?’

ह्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पुरवणीत नाही. पुढे एका संग्रहालयात काचेच्या कपाटात घोंगडी टांगलेली होती. खाली चिठ्ठी: ‘ग्रामीण जीवन’. वहिनीने काचेला नाक लावून ती निरखली. ‘कसर लागंल,’ ती म्हणाली. ‘उन्हात टाकाया सांगा, वन्सं, त्यास्नी.’ मी सांगितलं नाही. मला वाटतं, त्या दिवशी मी जे जे सांगितलं नाही त्याची सुरुवात तिथे झाली.

दुपारी बागेत पोहोचलो. ही बाग मला नवी नव्हती. नव्यानेच झाली होती, तरी शाळेच्या सहली घेऊन मी तिथे तीनदा आलेली होते. कचऱ्यासाठी तोंड वासून बसलेले सिमेंटचे ससे, हिरवळीवर चालू नये, फुले तोडू नयेत, बाकावर झोपू नये. काय काय करू नये हे सांगायला शहराला फार पाट्या लागतात. मी सवयीने पुढे झाले, सवयीने आवाज चढवला.

‘इकडे या सगळ्या. ही इथली ऐतिहासिक वास्तू. अज्ञात वीराची समाधी. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी याच उतारावर...’

पाटी माझी पाठ होती. तीन वर्षं मी ती मुलांना वहीत उतरवायला लावली होती. ‘आमची सहल’ या निबंधात तिचा उल्लेख नसेल तर मी गुण कापले होते. ‘समाधी’ला पहिली वेलांटी काढणाऱ्याला दहा वेळा लिहायला लावलं होतं.

बायका पाटीकडे पाहत होत्या. वहिनी पाहत नव्हती. ती मागच्या डोंगराकडे पाहत होती. त्याच्या खांद्यावर एक खाच आहे, कोणीतरी कुऱ्हाडीने घाव घातल्यासारखी. मग तिने ओढ्याकडे पाहिलं. ओढा आता सिमेंटच्या नळात होता, पण उताराने तिला तो सांगितला. हिवर नव्हता. त्या जागी शोभेचे माड लावले होते. मग तिने दोरीच्या आतल्या दगडांच्या ढिगाकडे पाहिलं. त्याच्या तळाला, पूर्वेच्या अंगाला, एक पांढरा धोंडा होता.

‘वन्सं,’ ती हळू म्हणाली, ‘ह्ये त्याचंच हाय.’

मी वाचत होते ते थांबले. पाटीवर अजून दोन ओळी होत्या.

मला तेव्हा जे वाटलं त्याला दुःख म्हणणं सोपं आहे, आणि मला सोपं काही करायचं नाही. मला संताप आला. कोणीतरी विद्वान इथे येऊन गेला असणार. त्याने शेंदूर नाही, शिलालेख नाही, तरी ढीग आहे असं पाहिलं असणार. ढिगाखाली वीरच असतो, हे त्याला आधीपासून माहीत असणार. आजूबाजूच्या दहा गावांत एखाद्या म्हाताऱ्याला विचारावं, बाबा हे काय आहे, एवढे कष्ट त्याला पडले नाहीत. मग कोणीतरी फीत कापली असेल, हार पडले असतील, भाषण झालं असेल. आणि मग मी आले असेन, चाळीस पोरं घेऊन, त्या विद्वानाचं वाक्य त्यांच्या वह्यांत उतरवायला. माझ्याच भाच्यावर उभी राहून.

वहिनीने दोरीला हात घातला तसा माहिती सांगणारा एक तरुण धावत आला. गळ्यात ओळखपत्र. त्याच्या मागे कुठल्याशा शाळेची रांग होती.

‘मावशी, दोरीच्या मागं. संरक्षित आहे ते.’

‘कशापास्नं?’

‘तीनशे वर्षांपूर्वीचं आहे, मावशी.’

‘व्हय? त्यो खालचा पांढरा धोंडा म्या ठिवलाय. माजं वय किती धरता?’

रांगेतली पोरं खिदळली. तरुण रागावला नाही. तो सराईतपणे हसला आणि पोरांकडे वळून म्हणाला, ‘तर मुलांनो, इथे एक वीर शेवटपर्यंत लढला.’

‘लढला न्हाई वो,’ वहिनी म्हणाली. तिचा आवाज वाद घालणारा नव्हता, चुकलेला पत्ता सांगावा तसा होता. ‘येकवीस दिसांचा हुता. जुलाब लागलं.’

तरुणाने मदतीसाठी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या खांद्याला पर्स, डोळ्यांना चष्मा पाहून त्याला हायसं वाटलं. ‘मॅडम, तुम्ही तरी समजावून सांगा त्यांना.’

‘व्हय, वन्सं,’ वहिनी म्हणाली, ‘तुमी मास्तरीन हायसा. तुमीच सांगा त्याला.’

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. बायकांनी पाहिलं, पोरांनी पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं. मराठीची शिक्षिका मी. आणि मी विचारलं, ‘इथलं कार्यालय कुठे आहे?’

शिकलेल्या माणसाची ही जुनी पळवाट. माणूस समोर उभा असला की तो कार्यालय शोधतो.

कार्यालयात एक गृहस्थ चहा पीत होते. त्यांनी मलाही चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि मला कोरा कागद दिला. ‘लेखी द्या. समितीपुढे ठेवू. काही पुरावा असला तर जोडा.’ मी बसले आणि खरोखर अर्ज लिहू लागले. महोदय. विषय: आपल्या उद्यानातील दगडांच्या ढिगाबाबत. ऱ्हस्वदीर्घ सांभाळून लिहिलं. शुद्धलेखनाने आपलं कोणी ऐकेल असं मला त्या वयातही वाटत होतं. गृहस्थ माझ्या खांद्यावरून वाचत होते. ‘अक्षर छान आहे,’ ते म्हणाले. ‘फक्त मयताचं नाव राहिलं बघा. नावाशिवाय अर्ज दाखल होत नाही.’

मी पेनाला टोपण लावलं.

ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी नियम सांगितला. पण दादा काठी घेऊन फाटकाबाहेर उभा होता आणि मी त्याला चाचणीचं सांगत होते, ते सगळं त्या कोऱ्या जागेवर येऊन बसलं. ती जागा मीच कोरी ठेवली होती. त्या विद्वानाने तिच्यात ‘अज्ञात’ लिहिलं, यात त्याचा दोष होता. पण सगळा त्याचाच नव्हता. अर्ज टेबलावर ठेवून मी बाहेर आले. चहाही तसाच राहिला.

बाहेर आमच्या बावीस बायका हिरवळीवर मांडी घालून बसल्या होत्या. दोरीला लागून वहिनी, मांडीवर डबा. रखवालदार शिट्टी फुंकत होता आणि एकही बाई उठत नव्हती.

‘फुंक बाबा, फुंक,’ शालन त्याला सांगत होती. ‘दम लागला की बस हितंच. बारशाला आल्यालं मानूस उपाशी जात न्हाई.’

मला पाहून वहिनी म्हणाली, ‘काय म्हनले सायेब?’

‘नाव विचारलं त्यांनी.’

तिने मान हलवली. जणू इतक्या वर्षांत कोणीतरी पहिल्यांदा शहाण्यासारखं काही विचारलं होतं. ‘मंग ठिवा की.’

मी दोरीखालून आत गेले. वयाने आणि वजनाने ते काम सोपं नव्हतं. चप्पल एक बाहेरच राहिली. रखवालदार ‘ओ बाई, ओ मॅडम’ करत आला, पण शालन आणि आणखी दोघी उठून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, नुसत्या. मी गुडघ्यावर बसले. दगड उन्हाने तापलेले होते.

‘कान कुठं आहे, वहिनी?’

‘पांढऱ्या धोंड्याखाली डोसकं हाय. उजव्या कुशीवर निजवलाय. डावा कान वर.’

मी धोंड्याशी तोंड नेलं. मागे बायकांनी ‘कुर्रर्र’ सुरू केलं, आणि नाव सांगून होताच माझ्या पाठीत धपाटे पडले. बारशाला आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत आहे. शालनचा धपाटा तर रीतीपेक्षा बराच जोरात होता. तो मला पोहोचायलाच हवा होता. त्यानंतर मी नाव मोठ्याने सांगितलं, सगळ्यांना. वहिनीने डबा उघडला. गव्हाच्या आणि हरभऱ्याच्या घुगऱ्या, वर खोबरं. शाळेच्या पोरांनी ओंजळी केल्या. माहिती सांगणाऱ्या तरुणानेही हात पुढे केला, मग मागे घेतला, मग पुन्हा पुढे केला. वहिनीने त्याला मूठभर जास्त दिल्या.

‘पाटी बदलाया सांगू का त्या सायबांना?’ शालनने तिला विचारलं.

‘ऱ्हाऊ दे,’ वहिनी म्हणाली. ‘त्यास्नी काय ठावं?’

तिला राग नव्हता. तो सगळा माझ्याकडे आला, आणि मी तो नीट सांभाळला आहे. वहिनी दोन वर्षांनी गेली. पाटी अजून आहे. आता ढिगाभोवती दिवे लावलेत आणि वर लोखंडी तलवार बसवली आहे, असं माझे जुने विद्यार्थी सांगतात. निवृत्त होईपर्यंत मी एकही सहल तिकडे नेली नाही, आणि सहकाऱ्यांना कारण सांगितलं नाही, कारण त्यांनी ते ऐकून हळहळ व्यक्त केली असती आणि पुढच्या वर्षी मुलांना तेच दाखवायला नेलं असतं.

हे वाचून कोणी विचारील की नाव काय ठेवलं. त्या दिवशी तिथे असलेल्या बावीस बायकांना ते माहीत आहे, घुगऱ्या खाल्लेल्या पोरांना माहीत आहे, पांढऱ्या धोंड्याखाली ज्याला सांगायचं त्याला सांगून झालं आहे. इथे मी ते लिहिणार नाही. लिहिलं की कोणीतरी त्याचीही पाटी करील.